आसाला धक्का न लावता

थोरल्या काकांची १९६६ सालची फियाट गेल्या मार्गशीर्षात, पुष्कळ वर्षे आप्तांच्या घरी राहून, पुन्हा आमच्या दारी आली, तेव्हा तिचा साईसारखा पांढरा रंग, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि दार लावताना होणारा तो भरीव आवाज हे सर्व ओळखीचे असूनही, तिच्याकडे पाहताना मला सारखे चुकल्याचुकल्यासारखे वाटत होते. गाडीची बैठक बदलली होती. पुढचे तोंड जमिनीकडे झुकलेले आणि मागची बाजू चांगली तीन बोटे वर, असे तिचे ध्यान पाहून मी वाकून खाली डोकावलो, तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात ज्या गृहस्थांकडे ती होती, त्यांनी तिच्यातून गुळाच्या ढेपा वाहिल्या होत्या आणि तो भार पेलावा म्हणून मागच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुडग्यात दोन-दोन जादा पाटे घातले होते. ढेपा उतरल्या, पाटे तसेच राहिले.

गाडी खाली आणावी असे मनात आले, आणि इथेच माझ्या हातून चूक झाली. उंची कमी करणे हे काम मला वाटले तितकेच सोपे एका गॅरेजवाल्यालाही वाटले. त्याने जादा पाटे काढले, आणि गाडी 'जरा अजून बसावी' म्हणून उरलेल्या पाट्यांना गॅसच्या ज्योतीने शेक दिला. संध्याकाळी गाडी खरोखरच देखणी बसली होती. पण दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या वाटेवर काटा पन्नासच्या पुढे गेला आणि पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक थरथर सुरू झाली, ती साठाला गुरगुरीत बदलली. प्रत्येक गतिरोधकावर मागून हातोड्यासारखा ठोका बसू लागला. आणि आठवड्याभरात फरशीवर, बरोबर मागच्या आसाच्या मध्याखाली, तेलाचा डाग दिसू लागला. त्या डागाने मला जे शिकावयास लावले, ते या लेखाचे कारण आहे.

*

या गाडीचा वंश सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ची ही मालिका निघाली. १९६४ पासून ती 'डिलाइट' या नावाने आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने मुंबईच्या रस्त्यांवर इतकी रुळली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून उतरली, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे, आणि त्याची शक्ती मागच्या चाकांना, अशी तिची रचना. मागचा आस अखंड. दोन्ही चाके, त्यांना फिरवणारे दातेरी चक्र आणि ते सारे पोटात घेणारे हौजिंग मिळून एकच भरभक्कम तुळई, आणि ती तुळई दोन बाजूंच्या दोन पाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेली. अ‍ॅम्बॅसिडर, जुन्या जीपगाड्या, मालमोटारी, सर्वांच्या मागे थोड्याफार फरकाने हीच व्यवस्था असते.

पाट्याच्या या साधेपणातच एक फसवी गोष्ट आहे. स्प्रिंग म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो; पण या रचनेत पाटा केवळ भार झेलीत नाही, तर आसाला गाडीच्या खाली नेमक्या जागी धरूनही ठेवतो. आस पुढे सरकू नये, मागे ओढला जाऊ नये, बाजूला घसरू नये आणि इंजिनाच्या पिळाने स्वतःभोवती उलटू नये, या चारही गोष्टींचा बंदोबस्त त्या एकाच कमानीकडे सोपवलेला असतो. म्हणूनच पाट्याची कमान बदलणारा मनुष्य नकळत या चारही व्यवस्थांना हात घालीत असतो, आणि त्याला वाटत असते, की आपण फक्त उंची बदलीत आहो.

*

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे ओतकाम, लेथ आणि पाट्यांची कामे करणारी दुकाने भिंतीला भिंत लावून उभी आहेत, तिथल्या एका वयस्क मिस्त्रींकडे मी गाडी नेली. त्यांनी गाडी घोड्यांवर चढवून बॅटरीचा झोत खाली फिरवला, निळसर-जांभळी झाक आलेल्या पाट्यावरून अंगठा ओढला आणि मान हलवली.

"साहेब, पाटं तापवून बसवल्यात. कुणी क्येलं ह्ये?"

मी गप्प राहिलो. "तापवलं की पाण्यात जीव ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. 'पाणी' हा शब्द तलवारीइतकाच पाट्यालाही लागू आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. पाट्याचे पोलाद, बहुधा सिलिकॉन-मँगनीज जातीचे, प्रथम लालभडक तापवून तेलात विझवतात आणि मग सुमारे ४०० ते ५०० अंशांवर पुन्हा संथ तापवून त्याच्यात कठीणपणा आणि लवचीकपणा यांचा मेळ घालतात. गॅसची उघडी ज्योत एका जागी फिरली, की तो मेळ त्याच जागी मोडतो. पाटा तिथे मऊ पडतो, भाराने दबत जातो आणि दबण्याला मर्यादा राहत नाही. शिवाय दोन बाजूंना सारखा शेक कोणाच्याही हाताला देता येत नाही. आमच्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिस्त्रींनी टेपने मोजले, तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिलिमीटर खाली निघाली. हे माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यापासून का घ्यावे, तेही त्यांनी सांगितले: टायरमधील हवा आणि झीज त्या मापात शिरत नाही.

मग त्यांनी कोन मोजण्याचे छोटे उपकरण काढले. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट मागे ३ अंश उतरता होता. आणि मागच्या आसातून पुढे डोकावणाऱ्या पिनियनचे, म्हणजे शाफ्टची शक्ती आसात घेणाऱ्या दातेरी दांड्याचे, तोंड मात्र ७ अंश वर गेलेले होते.

"तोंड वर झालंय," मिस्त्री म्हणाले, "म्हनून थरथरतीया."

*

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी थोडे थांबणे अवश्य आहे. कारण मागची बाजू खाली आणताना आसाचे जे दुखणे सर्वाधिक वेळा उद्भवते, ते हेच. इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना जे सांधे असतात, ज्यांना गॅरेजच्या भाषेत 'क्रॉस' म्हणतात, त्यांचे गणित सतराव्या शतकातच रॉबर्ट हूकने अभ्यासिले होते. हा सांधा सरळ रेषेत असला, तर जितक्या वेगाने एक बाजू फिरते तितक्याच वेगाने दुसरी. परंतु सांध्याला कोन आला, की एका बाजूचा वेग स्थिर असूनही दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. ३ अंशांच्या कोनात ही चढउतार एका टक्क्याच्या सातव्या हिश्श्याएवढी, म्हणजे नगण्य. पण १० अंशांत ती शेकड्याला दीडच्या आसपास जाते. यावर उपाय असा, की शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे द्यावेत आणि गिअरबॉक्स व पिनियन यांच्या रेषा एकमेकींना समांतर ठेवाव्यात, म्हणजे पहिल्या सांध्याने निर्माण केलेली खोट दुसरा सांधा तंतोतंत भरून काढतो. आमच्या गाडीत ही समांतरता ४ अंशांनी मोडली होती. मागच्या चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सुमारे चार फेरे धरले, तर साठाच्या वेगाला शाफ्ट सेकंदाला चाळीसच्या आसपास फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन याप्रमाणे ऐंशी हिसके पिनियनला बसतात. पिनियनच्या तोंडाशी असलेली तेलाची सील त्याच हिसक्यांनी खचली होती; फरशीवरचा डाग तिथून आलेला होता.

कोन पालटला कसा, हेही आता स्पष्ट होते. पाट्याचा आसापुढील भाग मागील भागापेक्षा अधिक शेकला गेला, तो अधिक दबला, आणि त्याच्यावर बसलेले हौजिंग मागे कलंडून पिनियनचे तोंड वर झाले. वास्तविक ते उभ्या गाडीत समांतर रेषेहून एखादा-दोन अंश खालीच हवे असते. कारण वेग देताना इंजिनाचा पीळ पाट्यांना मुरडतो आणि पिनियन आपोआप तोंड वर करते. त्या मुरडीची तजवीज आधीच करून ठेवावयाची असते. इथे ती तर झालीच नव्हती, उलट विरुद्ध दिशेला कर्ज काढलेले होते.

*

पाट्याची गाडी मागून खाली आणण्याचे मार्ग फार नाहीत, आणि प्रत्येक मार्गाचा स्वतंत्र जमाखर्च आहे.

पहिला मार्ग ठोकळ्याचा. यासाठी प्रथम पाहावयाचे, की आस पाट्याच्या वर बसला आहे की खाली. वर असेल, तर पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा घातला, की आस ठोकळ्याच्या जाडीइतका वर जातो आणि गाडी तितकीच खाली येते. आस पाट्याखाली असलेल्या मालवाहू गाडीत हाच ठोकळा गाडी उंच करतो, हे विसरून पैसे वाया घालविणारे लोक आहेत. ठोकळ्याचा गुण असा, की पाट्याची कमान तशीच राहते, म्हणजे त्याचा स्वभाव पालटत नाही. आणि ठोकळ्याचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असल्यास पिनियनचा कोनही ढळत नाही. शाफ्टचा उतार मात्र बदलतो: सव्वा मीटरच्या शाफ्टला २५ मिलिमीटर उचल म्हणजे एका अंशाहून किंचित अधिक. आवश्यक वाटल्यास पाटा आणि आस यांच्यात अंशांनी मापलेली पोलादी पाचर घालून पिनियन जागेवर आणता येते. पण ठोकळा लाकडाचा नसावा, एकावर एक रचलेला नसावा आणि ५० मिलिमीटरच्या पुढे नसावा. कारण तो जितका उंच, तितका आसाचा पीळ त्याला तरफेसारखा उलथवू पाहतो. शिवाय ठोकळ्याच्या एका अंगाला खुंटी आणि दुसऱ्या अंगाला भोक असलेच पाहिजे. पाट्यांच्या जुडग्यातून निघणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके आसाच्या बैठकीतील भोकात बसते आणि त्यानेच आसाची जागा ठरते. ते सुटले, तर एका बाजूचे चाक बोटभर मागे सरकते आणि गाडी तिरकी चालू लागते.

दुसरा मार्ग पाट्यांचा: कमी कमानीचे नवे पाटे घडवून घेणे, किंवा जुने पाटे थंड अवस्थेतच दाबाखाली बसवून घेणे. यात उंची खऱ्या अर्थाने कमी होते. पण कमान सपाट होताना पाटा टोकापासून टोकापर्यंत लांबतो आणि मागच्या टोकाला पाटा चेसीशी जोडणारी झुलती शॅकल कलंडते. ती कुठवर कलंडेल याचा अदमास आधी घेतला नाही, तर ती चेसीला अडते, आणि अडलेला पाटा स्प्रिंग राहत नाही, पट्टी होतो.

तिसरा मार्ग शेक देण्याचा आणि चौथा जुडग्यातील मूळ पाटे उपसून काढण्याचा. शेकाविषयी लिहिलेच आहे. पाटे उपसले, तर गाडी खाली येते, पण मऊही पडते. म्हणजे जिथे हालचालीला जागा कमी उरली, तिथेच हालचाल वाढते. हे दोन्ही मार्ग वर्ज्य समजावेत.

हालचालीची जागा हाच या सर्व विषयाचा गाभा आहे. समजा, आस वर येऊन रबराच्या गट्टूला टेकेपर्यंत मूळचे अंतर ७५ मिलिमीटर होते. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली, की ५० उरले. कारखान्यातील अभियंत्याने ते ७५ खड्डे, भार आणि वळण यांचा हिशेब करून ठेवले होते. आपण त्यातील एक तृतीयांश खर्ची घातले. मग ठोका बसतो म्हणून गट्टूच कापून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला कोणी मानू नये. गट्टू हा आस आणि चेसी यांच्यामधील शेवटचा मध्यस्थ आहे. तो गेला, की पोलाद पोलादावर आदळते आणि आदळता आदळता एके दिवशी हौजिंगची नळी वाकते. वाकलेल्या हौजिंगमध्ये बेअरिंग गरम होते, टायर आतल्या बाजूने झिजते आणि गाडीवाला चाकांचे अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करीत राहतो. आपल्याकडे हा धोका मोठा. कारण भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली असली, तरी गल्लोगल्ली स्वयंस्फूर्तीने उभारलेल्या उंचवट्यांना कोणतेही मानक बांधून ठेवीत नाही.

याखेरीज किरकोळ वाटणाऱ्या पण जिवाशी गाठ असलेल्या काही बाबी आहेत. ब्रेकच्या तेलाची नळी आसाबरोबर वर जाते आणि कुठे घासते हे पाहिले पाहिजे. शॉकअपची दांडी आतल्या आत तळाला लागत नाही ना, हे तपासले पाहिजे. धूर सोडणारी नळी आसावरून जात असेल, तर मोकळीक मोजली पाहिजे. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते, तिथे तर गाडी खाली आणताच ती झडप फसते. चेसी आसाजवळ आली म्हणजे मागे भार भरला, असे समजून ती मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडते आणि रिकाम्या गाडीची मागची चाके ओल्या रस्त्यावर आधी अडकून घसरतात. ही झडप नव्या उंचीला जुळवून न घेता गाडी रस्त्यावर आणणे हा अपराध मानावा.

*

गाडी जमिनीलगत असावी ही ओढ काही आजची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गेल्या शतकाच्या मध्यास शेवरोले गाड्यांच्या डिकीत वाळूच्या गोण्या टाकून त्या खाली बसवल्या. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असा कायदा कॅलिफोर्नियाने त्यानंतर केला, आणि त्यातील बसक्या गाड्यांवरील निर्बंध २०२४ च्या आरंभी उठविला. याच्या उलट कथा इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याची. तिथे तयार होणारी एमजीबी ही दोन आसनी गाडीही मागे अखंड आस आणि पाटे असलेली. अमेरिकेतील बंपरविषयक नियमांमुळे १९७४ च्या उत्तरार्धात ती सुमारे दीड इंचाने उंच करावी लागली, आणि तिच्या वळणावरील कीर्तीला त्या दीड इंचाने ग्रहण लावले; गाडी कलू लागली, मागे तोल सावरणारी दांडी कारखान्याला नंतर जोडावी लागली. पुष्कळ मालकांनी मग आपापल्या गाडीखाली ठोकळे घालून ते दीड इंच परत मिळवले. उंची ही केवळ शोभेची बाब नाही, तिच्यात गाडीचा स्वभाव साठवलेला असतो, हे त्या दीड इंचाने सिद्ध केले.

आपल्याकडे कायद्याची बाजू स्वच्छ आहे आणि ती वाचकांपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मज्जाव आहे. केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही यांची तरतूद झाली. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर चालणारी गाडी मूळ उंचीच्या खाली आणणे हा मार्ग बंद आहे. बंदिस्त शर्यतीच्या किंवा प्रदर्शनाच्या गाडीचा प्रश्न वेगळा. परंतु जादा पाट्यांनी उंचावलेली किंवा शेकाने खचलेली गाडी तिच्या जन्मजात उंचीवर आणणे हा फेरफार नव्हे, ती दुरुस्ती होय; आणि ती दुरुस्तीसुद्धा वर सांगितलेल्या सर्व नियमांनीच करावी लागते.

*

मिस्त्रींनी तेच केले. मूळ उंची कोणती, हे ठरविण्यासाठी आम्ही शहरातीलच एका वकिलांकडे गेलो, ज्यांची फियाट पहिल्यापासून एका हातात राहिली आहे आणि जिच्या पाट्यांना कोणी हात लावलेला नाही; तिच्या चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे माप दोन्ही बाजूंनी घेतले, तिच्या पाट्याच्या कमानीचा पुठ्ठ्यावर साचा काढला आणि त्या साच्यावरून नवे दोन जुडगे घडवून घेतले. हौजिंग उतरवून लेथवर लावले, काटा लावून फिरवले. ते सरळ निघाले, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. सील नवी, दोन्ही क्रॉस नवे, रबराचे गट्टू नवे. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तोच ताण धरील याची शाश्वती नसते.

शेवटच्या टप्प्याला मी जवळ उभा होतो. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट मिस्त्रींनी नुसते हाताने फिरवून ठेवले, गाडी घोड्यांवरून चाकांवर उतरवली, मागच्या सीटवर दोन पोरे बसवली, गाडी चार वेळा मागेपुढे ढकलून बसू दिली, आणि मग स्वतः आडवे होऊन पाना हाती घेतला.

मी विचारले, "वर असतानाच का नाही आवळले?"

"वर आवळलं तर रबर लोंबत्या पाट्याला धरून बसतंय," ते खालूनच बोलले. "खाली आलं की पिळतंय. म्हैन्याभरात फाटतंय. ज्या उंचीवर गाडी चालायची, त्या उंचीवरच आवळायचं असतंय, साहेब."

त्यानंतर पिनियनचा कोन पुन्हा मोजला: तोंड २ अंश वर, म्हणजे गिअरबॉक्सच्या रेषेहून एक अंश खाली. दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतरे सारखी. डाव्या-उजव्या उंचीत ३ मिलिमीटरचा फरक. आणि निघताना सांगणे: पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट आवळायला परत या.

मी पाचशे किलोमीटरनंतर गेलो. चारांपैकी दोन बोल्टांनी पाव-पाव फेरा घेतला. आता गाडी जादा पाट्यांसह आली होती त्याहून ४१ मिलिमीटर खाली, म्हणजे कुर्ल्याहून निघाली होती त्याच उंचीवर उभी आहे; साठाला ती थरथरत नाही, आणि फरशी कोरडी आहे. गाडी खाली आणू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला माझे इतकेच सांगणे आहे, की ज्या दुकानात काम सुरू होण्यापूर्वी कोन मोजण्याचे उपकरण बाहेर निघत नाही आणि गॅसची नळी आधी निघते, त्या दुकानातून गाडी तशीच परत आणावी.